खासदाराच्या बोलण्याचा हिशेब : पीआरएसची ‘एमपी ट्रॅक’ सेवा

आपल्या खासदाराने ऊस, कांदा किंवा दुधाच्या दराबद्दल दिल्लीत खरोखर तोंड उघडले की नाही, हा वाद पारावर मिटत नाही. तो मिटवायचा तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीच्या संस्थेची ‘एमपी ट्रॅक’ ही विनामूल्य सेवा पाहावी. खासदारांची हजेरी, चर्चांतील सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली विधेयके) यांचे आकडे तेथे राष्ट्रीय व राज्याच्या सरासरीशेजारी मांडलेले असतात.

कसोटीसाठी मी हातकणंगल्याचे २००९ ते २०१९ या काळातील खासदार राजू शेट्टी यांची नोंद निवडली. चर्चांच्या यादीत तारीख आणि विषयाबरोबर चर्चेचा प्रकारही दिलेला असतो आणि या सेवेचे खरे मोल मला त्या रकान्यात वाटते. कारण सरकारी विधेयकावरचे सविस्तर भाषण, शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, घाईघाईने मांडलेली तक्रार आणि इतर मार्गांनी न मांडलेले विषय मांडू देणाऱ्या लोकसभेच्या नियम ३७७ खालचे, बरेचदा न वाचताच सभागृहाच्या पटलावर ठेवले जाणारे निवेदन, या तिन्हींची बेरजेत किंमत एकसारखीच होते. निवडणुकीच्या पत्रकावर छापलेला ‘चर्चांत सहभाग’ हा आकडा म्हणूनच मी आता जरा संशयाने वाचतो. शेट्टी यांनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभावाचा हक्क यांसाठी दोन खासगी विधेयके मांडली. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही, तरी मोर्चातली मागणी कायद्याच्या कलमांत बसवून सभागृहासमोर ठेवणे हे काम बेरजेतल्या ‘२’ या अंकापेक्षा नक्कीच मोठे आहे.

मंत्र्यांच्या बाबतीत ही सेवा हात टेकते. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि चर्चेत सरकारच्या वतीने बोलतात, म्हणून त्यांचा हिशेब दिला जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा दिंडोरीच्या खासदार भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या. त्यामुळे कांदा पिकवणाऱ्या तेथील मतदाराला या आकड्यांतून काहीच हाती लागले नसते.

माहिती इंग्रजीत आहे, ही ग्रामीण वाचकाची मोठी अडचण आहे. भाषणाचा मूळ मजकूर वाचण्यासाठी संसदेच्या डिजिटल ग्रंथालयातच जावे लागते आणि तेवढा खटाटोप जरूर करावा. सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर गेलेल्या गणपतराव देशमुखांची कारकीर्द शोधणाऱ्याने मात्र येथे येऊ नये. ही सेवा खासदारांपुरतीच आहे.