फ्रॅपे एचआरमधील परवानग्या: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे फ्रॅपे एचआर हे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर पूर्वी ईआरपीनेक्स्ट या कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचाच भाग होते. 2022 मध्ये, 14 व्या आवृत्तीपासून, ते स्वतंत्र झाले. चाकण आणि सातपूर येथे कारखाने असलेल्या आमच्या कंपनीची हजेरी, रजा आणि पगार गेले कित्येक महिने त्यावर चालतात, आणि कोणाला काय दिसावे हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणून येथे फक्त परवानग्यांविषयी लिहीत आहे.

या सॉफ्टवेअरमध्ये परवानगीचे दोन थर आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशेने काम करतात. रोल (कामानुसार ठरवलेला अधिकारांचा संच) दिला की अधिकार वाढतात. एकाच व्यक्तीला चार रोल दिले तर चारही रोलचे अधिकार एकत्र होतात. युजर परमिशन मात्र त्या अधिकारांच्या कक्षेतल्या नोंदी कमी करते, म्हणजे ‘रजेचे अर्ज पाहता येतील, पण फक्त चाकण शाखेचे’. हे ज्याच्या डोक्यात पक्के बसले नाही, तो एखाद्याला दिसणाऱ्या नोंदी कमी करण्यासाठी आणखी एक रोल देतो आणि नेमके उलटे करून बसतो. आमच्याकडे प्राथमिक मांडणी करून देणाऱ्या सल्लागाराने तर तक्रारीच येऊ नयेत म्हणून अर्ध्या कार्यालयाला ‘एचआर मॅनेजर’ करून ठेवले होते. तक्रारी खरोखरच आल्या नाहीत, कारण सगळ्यांना सगळेच दिसत होते.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो पगाराच्या स्लिपने. कर्मचाऱ्याची नोंद त्याच्या लॉगिनला जोडताना ‘क्रिएट युजर परमिशन’ ही खूण असेल, तर त्याला स्वतःच्या नोंदीपुरते मर्यादित करणारी परवानगी आपोआप तयार होते, आणि साध्या कामगाराच्या बाबतीत एवढे पुरते. परंतु ‘रिपोर्ट्स टू’ या रकान्यामुळे कर्मचाऱ्यांची एक उतरंड तयार होते आणि एखाद्या नोंदीवरची परवानगी तिच्या खालच्या सर्व नोंदींनाही लागू होते. रजेसाठी हे सोयीचे आहे, कारण सुपरवायझरला आपल्या माणसांचे अर्ज दिसायलाच हवेत. पण याच नियमाने त्याला त्यांच्या पगाराच्या स्लिपही दिसू शकतात, आणि कारखान्यात कोणाला किती वाढ मिळाली याची बातमी पसरायला चहाची एक सुट्टी पुरते. हा दोष नाही, उतरंडीच्या रचनेचा सरळ परिणाम आहे. मात्र सुरुवातीलाच तो ताडून पाहावा.

यावर ‘हाइड डिसेंडंट्स’ (खालच्या नोंदी लपवा) ही खूण आहे, पण ती सरसकट लावली तर रजेचे अर्जही दिसेनासे होतात. त्यामुळे ‘सर्व दस्तऐवजांना लागू’ ही खूण काढून दस्तऐवजाच्या प्रत्येक प्रकारासाठी परवानगीची वेगळी ओळ करावी लागते: सॅलरी स्लिपसाठी खालच्या नोंदी लपवणारी, रजेच्या अर्जासाठी न लपवणारी. जुनी सरसकट ओळ तशीच राहू दिली तर दोन्हींची बेरीज होते आणि नव्या ओळीचा काहीच उपयोग होत नाही. उलट, ती काढल्यावर ज्या दस्तऐवजाचे नाव यादीत घालायचे राहिले, त्यावर या परवानगीचे बंधनच उरत नाही. म्हणून खर्चाची बिले, हजेरी, आगाऊ रक्कम अशी पूर्ण यादी आधी कागदावर उतरवावी आणि मगच खुणा काढाव्यात. चाचणीसाठी एक बनावट सुपरवायझर आणि त्याच्या हाताखाली एक बनावट कामगार कायमचे ठेवले आहेत. कोणताही बदल केला की त्या दोघांच्या लॉगिनमधून पाहिल्याशिवाय तो पक्का मानत नाही.

दुसरी जागा रिकाम्या रकान्यांची. शाखेनुसार बंधन घातले, तरी ज्या कर्मचाऱ्याची शाखा भरलेलीच नाही त्याची नोंद दोन्हीकडच्या कारकुनांना दिसते. ‘अप्लाय स्ट्रिक्ट युजर परमिशन्स’ चालू केले की त्या नोंदी लपतात, पण मग त्या कोणत्याच शाखेला दिसत नाहीत आणि हजेरी पाहणाऱ्या टाइम ऑफिसमधून फोन सुरू होतात. आधी माहिती पूर्ण भरून घेणे आणि मग ही खूण लावणे, हाच क्रम ठेवावा.

एकाच फॉर्ममधले ठरावीक रकाने झाकण्याची सोय मात्र मनापासून आवडली. पॅन, बँक खाते आणि सीटीसी (कर्मचाऱ्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च) हे रकाने ‘पर्म लेव्हल’ म्हणजे परवानगीच्या पातळी 1 वर नेले आणि त्या पातळीचा अधिकार फक्त पगार पाहणाऱ्यांना दिला. आता टाइम ऑफिसला तोच फॉर्म उघडतो, पण हे रकाने दिसत नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे व्यवस्थापनाला हे पटवून देणे फारसे जड गेले नाही. एक सावधगिरी: रोल परमिशन मॅनेजरमध्ये (रोलचे अधिकार ठरवण्याच्या पानावर) एखाद्या दस्तऐवजाचे नियम एकदा बदलले की त्यापुढे तुमचेच नियम चालतात, नव्या आवृत्तीत मूळ नियम बदलले तरी ते तेथे आपोआप येत नाहीत.

बदली आणि राजीनामा यांच्याकडे सॉफ्टवेअरपेक्षा माणसांनीच जास्त लक्ष द्यायला हवे. रजा मंजूर करणारा म्हणून नाव घातले की त्या व्यक्तीला तो रोल आपोआप मिळतो. तिची बदली झाल्यावर तो काढणे आपले काम. नोंदीवर ‘लेफ्ट’ (नोकरी सोडली) लावणे आणि लॉगिन बंद करणे ही दोन वेगळी कामे समजून सेवामुक्तीच्या वेळी करायच्या कामांच्या टेम्प्लेटमध्ये दोन स्वतंत्र ओळी ठेवल्या आहेत.

हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असल्याने माणशी परवाना शुल्क नाही, आणि परवानग्यांच्या दृष्टीने मला हा सर्वांत मोठा फायदा वाटतो. माणशी पैसे मोजावे लागले की एका लॉगिनवर तीन पाळ्यांचे सुपरवायझर काम करतात आणि मग रजा कोणी मंजूर केली, हे नोंदवहीलाही सांगता येत नाही. येथे प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन देता आले. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ला मात्र कोणतीच बंधने लागू होत नाहीत, म्हणून त्याचा पासवर्ड दोघांपुरताच आहे.

अजून एक काम उरले आहे ते स्वतः तयार करून घेतलेल्या क्वेरी रिपोर्टचे. हे रिपोर्ट थेट डेटाबेसमधून ओळी उचलतात आणि त्यांवर रकान्यांची पातळी लागू होत नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये झाकलेला सीटीसी रिपोर्टमध्ये उघडा पडू शकतो. जुने रिपोर्ट एकेक करून तपासणे चालू आहे. तोवर ते सगळे फक्त ‘एचआर मॅनेजर’ रोलपुरते ठेवले आहेत.