दक्षिण जॉर्जियाची जहाजसफर: पैसे वसूल होतात, पण आधी बूट घासा

मराठवाड्यातून या सफरीला निघणाऱ्याने कॅमेऱ्याच्या लेन्सआधी बुटाचे तळवे बघावेत. आपली काळी माती पावसाळ्यात खाचांत बसली की वाळून दगड होते. तिच्या पोटात आघाड्याचं, कुसळीचं, गाजरगवताचं बी आरामात टिकतं. असं बी घेऊन दक्षिण जॉर्जियावर पाय ठेवू देत नाहीत.

दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट ब्रिटनच्या ताब्यात आहे. लांबी 165 किलोमीटरच्या आसपास, पण कायमची वस्ती नाही. किंग एडवर्ड पॉइंटला काही सरकारी अधिकारी आणि शास्त्रज्ञ राहतात, एवढंच. विमानतळ नाही. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाज निघतं, फॉकलंड बेटांवर थांबतं, तिथून दोन दिवस नुसतं पाणी. पुढे अंटार्क्टिकाही जोडलं तर 20 ते 23 दिवस लागतात. जहाज बहुधा उशुआयालाच परततं, म्हणून अर्जेंटिनाचा व्हिसा घेताना दोनदा प्रवेशाची सोय आहे ना, हे बघून घ्या.

आता सफाई. बेटाजवळ पोचण्याआधी अख्खा दिवस यात जातो. बाहेर घालायचा प्रत्येक कपडा, बॅग, ट्रायपॉड, काठी तपासली जाते. व्हॅक्यूम क्लीनर, टूथब्रश, चिमटा आणि वाकवलेली पेपरक्लिप ही हत्यारं. चुकतं कुठे, तर व्हेल्क्रोत. आघाड्याचं बी तिथे असं रुततं की ब्रशने निघत नाही, चिमट्याने एकेक उपटावं लागतं. दुसरी जागा खिशाच्या तळाची शिवण. जेवणानंतर बडीशेप खायची आपली सवय, त्यामुळे खिसा उलटा केला की दोन-चार दाणे हमखास पडतात. बडीशेप म्हणजे बीच. तीळ, जिरं, शेंगदाण्याची टरफलंही तशीच. फराळ केबिनमध्ये खा, पण उतरायच्या जॅकेटला शिवूही देऊ नका. बेटावर खायला न्यायला तशीही बंदी आहे.

त्यामुळे घरूनच तयारी करा. शेतात घातलेला एकही कपडा नेऊ नका. बूट गरम पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशने घासा, पँटच्या दुमडी उलगडून बघा. जहाजावर चढता-उतरताना बूट व्हर्कॉन या जंतुनाशकाच्या गुलाबी पाण्यात बुडवावे लागतात. पोल्ट्रीवाल्यांना हे नाव नवं नाही. सरकारी अधिकारी जहाजावर येऊन प्रवाशांची तपासणी करतात. एकाच्या बुटात बी सापडलं तर बाकीचे खोळंबतात.

हा जाच वाटेल, पण कारण पक्कं आहे. गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि आज आपल्या बांधाबांधावर आहे. दक्षिण जॉर्जियाने तोच भोग उंदरांच्या रूपाने भोगला. शिकारी जहाजांतून आलेले उंदीर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खात होते. 2011 ते 2015 या काळात तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकलं आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. इथला एकमेव गाणारा पक्षी, पिपिट, त्यानंतर पुन्हा वाढू लागला.

उतरायचं ते झोडियाक या रबरी होडीतून. एका होडीत दहाएक माणसं काठावरच्या फुगीर नळीवर बसतात. हात देताना पंजा धरायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. ओल्या हातमोज्यात पंजा निसटतो. किनाऱ्याला लागलं की घसरत पुढे यायचं, पाय पाण्याकडे वळवायचे आणि खलाशी सांगेल तेव्हाच उतरायचं. घाईने मारलेली उडी नेमकी लाटेत पडते. गुडघ्याएवढे गमबूट बहुतेक जहाजांवर उसने मिळतात. वॉटरप्रूफ पँट बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर बुटाची बादली होते. जीन्स आणणं हा सगळ्यात महाग मूर्खपणा, ओली झाली की वाळत नाही.

किनाऱ्यावर बहुधा शौचालय नसतं, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. 2023 मध्ये बर्ड फ्लू इथे पोचल्यापासून बसायला, गुडघे टेकायला, बॅग खाली ठेवायलाही मनाई आहे. ज्यांना दोन तास उभं राहणं जमत नाही त्यांनी नीट विचार करावा. आई-वडिलांना हौसेने नेणाऱ्यांनी तर नक्कीच.

बघायला काय मिळतं? सेंट अँड्र्यूज बे इथे किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या. आधी वास येतो, मग आवाज, मग दिसतं. किंग पेंग्विन घरटं बांधत नाही. अंडं पायांवर ठेवून वर पोटाची घडी ओढून घेतो, आणि शेजारी चोचीच्या अंतरात आला की टोच मारतो. म्हणून लाखोंच्या गर्दीतही प्रत्येकाभोवती तेवढीच जागा मोकळी राहते. अंड्यापासून पिल्लू स्वतंत्र होईपर्यंत वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे तपकिरी लोकरीतली धिप्पाड पिल्लं कुठल्याही महिन्यात भेटतात. प्राण्यांपासून पाच मीटर लांब राहायचं, फर सीलपासून त्याहून जास्त. फर सील अंगावर आला तर पळू नका. हात वर करून, टाळ्या वाजवत जागेवर उभे राहा. नोव्हेंबरात हत्ती सील जोरात असतात. डिसेंबरात फर सीलचे नर किनारे अडवून बसतात आणि काही ठिकाणी उतरताच येत नाही. ग्रिटव्हिकेनचं गंजलेलं देवमासा कारखान्याचं गाव, ध्रुवसंशोधक शॅकल्टनची कबर, संग्रहालय आणि पोस्ट यांना अर्धा दिवस पुरे.

निवड करताना एकच आकडा बघा: एका वेळी 100 च माणसं किनाऱ्यावर जाऊ शकतात. 200 प्रवाशांच्या जहाजात दोन पाळ्या, म्हणजे तुमचा वेळ निम्मा. 500 च्या वरच्या जहाजातून उतरायलाच मिळत नाही, ती स्वस्त दिसतात ती उगाच नाही. बेटाजवळचे दिवस चारपेक्षा कमी असतील तर घेऊ नका. हिमनद्यांवरून कोसळणारा वारा काही मिनिटांत उठतो आणि उतरणं रद्द होतं. त्याचे पैसे परत मिळत नाहीत, करारात तसं लिहिलेलंच असतं.

साध्या केबिनलाही दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. आजारी माणसाला परत आणण्याचा विमा आधीच काढा. शाकाहारी जेवण मिळतं, पण 'अंडं चालत नाही' हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, नाहीतर तीन आठवडे पास्ता आणि उकडलेले बटाटे. जहाजावरच्या जेवणात मीठ-मिरची आपल्या चवीला कमीच पडते. सीलबंद लोणच्याची बाटली न्यायची तर अर्जेंटिनाच्या कस्टमला जाहीर करा. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर मागा. खिडकी लहान असते, पण हेलकावे सगळ्यात कमी तिथेच. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून फॉकलंड सोडण्याआधी घ्या. जहाज डोलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात ठरत नाही.