घरातल्या राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटीचे ‘एसक्यूएम’: शूटर खेळणाऱ्याच्या नजरेतून

ऑनलाइन शूटर गेममध्ये खेळाडू जागच्या जागी अडखळू लागला की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो, तो म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३००चा घेणे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळताना प्रत्यक्षात लागणारा डेटा मात्र इतका थोडा असतो की १० एमबीपीएसची लाइनही त्याला पुरून उरते. या गेमना वेगापेक्षा वेळेवर पोहोचणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हवी असतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे एकेका फेरीला आठ मिलिसेकंदांहूनही कमी अवधी मिळतो. तुमचे पॅकेट वाटेत दीडशे मिलिसेकंद खोळंबले, तर तेवढ्यात समोरचा कोपऱ्यातून बाहेर येऊन गोळी झाडून मोकळा झालेला असतो.

हा खोळंबा अनेकदा आपल्याच घराच्या उंबरठ्यावर होतो. कोणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की अपलोडची वाट भरते, आणि राउटर किंवा मोडेम जादा पॅकेट टाकून देण्याऐवजी आपल्या मेमरीत साठवत राहतो. त्या लांबलचक रांगेत गेमचे इवलेसे पॅकेटही शेवटी उभे राहते. संगणक अभियंता जिम गेटिस यांनी या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले, आणि त्यावरचा मला सर्वांत परिणामकारक वाटलेला घरगुती उपाय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवर आधारलेल्या मोफत फर्मवेअरमधील (राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) एसक्यूएम, म्हणजे ‘स्मार्ट क्यू मॅनेजमेंट’, हे रांगा सांभाळणारे पॅकेज.

पुण्यातल्या आमच्या घरी १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे आणि ती वापरणारी माणसे बरीच आहेत. संगणक लॅन केबलने जोडून एका खिडकीत सतत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवला आणि आईच्या फोनवरून लग्नाचे व्हिडिओ अपलोडला लावले, तेव्हा १० ते १२ मिलिसेकंदांवर स्थिर असलेला आकडा बघता बघता २००च्या पलीकडे गेला. एसक्यूएम चालू करून तेच अपलोड पुन्हा लावले, तर आकडा विशीच्या आत राहिला. प्लॅन तोच, वायर तीच, आणि अपलोड संपायला लागणाऱ्या वेळेतही जाणवण्यासारखा फरक नव्हता.

मांडणी अवघड नाही, पण ती नीट समजून करावी लागते. एसक्यूएमच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा, इंटरफेस निवडायचा, रांगेची पद्धत म्हणून ‘केक’ ठेवायची आणि डाउनलोड व अपलोडचा वेग किलोबिटमध्ये भरायचा. हा वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवावा. सगळे मर्म याच आकड्यात आहे, कारण मर्यादा किंचित खाली ओढली की रांग कंपनीच्या उपकरणात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे ‘केक’ प्रत्येक प्रवाहाला न्याय्य वाटा देतो. रात्री नऊनंतर लाइन मंदावत असेल, तर सकाळचा नव्हे, रात्रीचा वेग मोजूनच आकडा भरावा. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (प्रोसेसरला वगळून थेट चिपमधून पॅकेट पुढे धाडणारी सोय) बंद ठेवणेही आवश्यक आहे, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. जुने, स्वस्त राउटर १०० एमबीपीएसच्या आसपासच दमतात, त्यामुळे ३०० किंवा ५००चा प्लॅन असलेल्यांनी दमदार प्रोसेसरचा राउटरच घ्यावा. खरेदीपूर्वी मॉडेलच्या नावाबरोबर मागच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्तीही ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत पडताळून पाहावी, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत चिप वेगळी असू शकते आणि चुकीचे फर्मवेअर चढवल्यास राउटर निकामी होऊ शकतो.

मात्र हे पॅकेज प्रत्येक दुखण्यावरचे औषध नाही, म्हणून आधी निदान करावे. घरात दुसरे कोणी इंटरनेट वापरत नसताना संगणकावरून राउटरच्याच पत्त्याला पिंग करावा. तिथेच आकडे उड्या मारत असतील, तर दोष वायफायचा आहे. केबल लावावी, ते शक्य नसेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जावे. राउटरपर्यंत सगळे ठीक असूनही गेममधल्या आलेखात पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेट, दिसत असेल, तर लाइन तपासून घ्यावी. आमच्या जुन्या सेवादात्याचा माणूस दरवेळी स्पीड टेस्ट दाखवून परत जाई. फायबरच्या टोकाला प्रकाशाची तीव्रता मोजणारा पॉवर मीटर लावायला लावला तेव्हाच खराब जोड सापडला.

तिसरी शक्यता मार्गाची. सर्व्हर मुंबईत असताना पुण्यातून पिंग ७० दाखवत असेल आणि ट्रेसरूटमध्ये (पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांतून जाते ते दाखवणाऱ्या चाचणीत) वाट सिंगापूरहून वळून येताना दिसत असेल, तर घरातले कोणतेही उपकरण ते अंतर कमी करू शकत नाही. अशा वेळी त्या ट्रेसरूटची प्रत जोडून सेवादात्याकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद मिळाली नाही तर कंपनी बदलावी. एकट्याने, केबलवर, मोकळ्या लाइनवर खेळणाऱ्याला एसक्यूएमची गरज नाही. चार-पाच जणांच्या घरात, मर्यादित अपलोडवर खेळणाऱ्याने मात्र मोठा प्लॅन घेण्याआधी हे लावून पाहावे.