निकोटीन गम आणि १८०० वाली हेल्पलाइन: काही महिने वापरल्यावर

आमचं काम सावद्याला केळीच्या गाड्या भरून उत्तरेकडे पाठवायचं. रात्री उशिरापर्यंत भरणं चालतं, आणि मधे जो रिकामा वेळ मिळतो तो वजनकाट्याजवळच्या टपरीवर जातो. सिगारेट तिथलीच. आता बरेच महिने झाले, बंद आहे. त्यासाठी निकोटीन गम (तलफ भागवायला थोडं निकोटीन देणारं च्युइंगम) आणि तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन दोन्ही भरपूर वापरून झालंय.

गमबद्दल आमच्याकडे एकच मत ऐकू येतं: "काही फरक पडत नाही भो, नुस्त्या उचक्या लागतात." असं म्हणणाऱ्याला विचारा, खाल्ला कसा? बहुतेकांनी बबलगमसारखा कचाकचा चावलेला असतो. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून उपयोग फारसा नाही, उचकी आणि जळजळ मात्र हमखास. हळूहळू थोडाच चावायचा, तिखट झणझण जाणवली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. झणझण ओसरली की पुन्हा चावायचा, जागा बदलायची. एक गम अर्धा तास पुरतो. निकोटीन गालाच्या आतून सावकाश शिरतं, झुरक्यासारखा झटका बसत नाही. म्हणून तलफ डोक्यात चढेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत साधारण १२ आठवड्यांत बंद, अशी त्याची रीत आहे.

चहाचं काय करायचं, हा खरा प्रश्न. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत काही नको, कारण आंबटपणामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही. टपरीवर उभं राहून चहाला नाही म्हणणं सिगारेटला नाही म्हणण्यापेक्षा अवघड, हे खान्देशात कोणालाही पटेल. मी क्रम उलटा केला: आधी गम, तो संपला की चहा. तोवर बाकीच्यांची सिगारेट विझलेली असते.

डोसचं मेडिकलवाले कोणी सांगत नाहीत. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मि.ग्रॅ., नाहीतर २. दोनचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, चारला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यामुळे सकाळी डोळे उघडताच पेटवणाराही दोनचाच घेऊन जातो आणि आठवड्यात कंटाळतो. हृदयाचा त्रास असेल किंवा घरात कोणी गरोदर बाई सिगारेट सोडू पाहत असेल, तर दोनच्या गमसाठीही आधी डॉक्टरांना विचारा.

तक्रारी आहेतच. झणझणीत शेवभाजीनंतर तलफ सगळ्यात जोरात येते, आणि पोळलेल्या तोंडात गमची झणझण म्हणजे आगीत तेल. वैशाखात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली गमची पट्टी चिकट लगदा होऊन निघते. चवीचं तर बोलूच नका, पुदिना म्हणतात त्याला.

हेल्पलाइनकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. १८००-११-२३५६, फोन फुकट. २०१८ पासून हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण आपल्याकडे घेतो कोण पाकीट? सुट्या सिगारेटवर राज्यात २०२० सालीच बंदी आली, तरी टपरीवर एकेकच मिळते. आणि सुटी घेणाऱ्याला ना पाकिटावरचं इशाऱ्याचं चित्र दिसतं, ना नंबर. मराठीत बोलता आलं. भाषण दिलं नाही. कुठल्या कुठल्या वेळी ओढता, कोणासोबत, सोडायची तारीख कोणती, एवढंच विचारून घेतलं, आणि पुढे त्यांनीच स्वतःहून फोन केले. ते फोन मला गमपेक्षा जास्त कामाला आले. रात्री झोप लागत नाही, हात थरथरतात असं सांगितल्यावर फोनवरच्या ताईंनी विचारलं, चहा किती होतो? धुरामुळे शरीर कॅफिन लवकर निचरून टाकतं, ओढणं थांबलं की तेवढाच चहा जास्त चढतो. अर्धा कप केला, थरथर गेली. त्रासाचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, मग तो त्रास दोन-चार आठवड्यांत उतरतो, हे आधीच कळल्यामुळे माणूस घाबरत नाही. एवढं मात्र आहे, की तलफ येते रात्री अकराला भरणं चालू असताना, आणि त्या वेळी लाइनवर कोणी भेटेलच असं नाही. तिथे गमच.

गम शरीराची मागणी भागवतो, मंडळींची नाही. थंडीत शेतावर भरताची पार्टी असते, वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि धूर आधीच इतका असतो की कोणी पेटवलेली कळतही नाही. तिथे मी वांगी सोलायचं काम अंगावर घेतो. हात काळे आणि चिकट असले की कोणी सिगारेट पुढे करत नाही. तंबाखू-चुना मात्र करतात, "ही काय सिगारेट शे का?" म्हणून. आमच्यातले दोघे असेच सिगारेटवरून चुन्याच्या डबीवर गेले आणि सुटली म्हणून सांगत फिरतात. निकोटीन तेच, वर तोंडाच्या कॅन्सरची भीती.

गमला पाचपैकी साडेतीन, हेल्पलाइनला साडेचार. गम नीट वापरूनही जमत नसेल तर अंगावर चिकटवायचे निकोटीनचे पॅच आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या आहेत. या गोळ्या सिगारेट सोडायच्या तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात, तेव्हा डॉक्टरांकडे तारखेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.