बॅन्फ की जॅस्पर? रॉकी पर्वतातल्या गोल्फसाठी एकाची निवड करताना

कॅल्गरीत उतरून आठवडाभर कॅनडाच्या रॉकी पर्वतात राहायचे आणि त्यात गोल्फचे दोन, फार तर तीन राऊंड (अठरा होलची एक पूर्ण फेरी) बसवायचे, असा बेत ठरला की फिरून फिरून तीनच नावे पुढे येतात: बॅन्फ स्प्रिंग्ज, जॅस्पर पार्क लॉज आणि कॅनानास्किस. तिन्ही ठिकाणी मी खेळलो आहे. तिन्ही उत्तम आहेत, आणि यांपैकी कोणतेही निवडले तरी कोणी हिरमुसून परत येईल असे मला वाटत नाही. तरीही वेळ आणि पैसा दोन्ही मोजके असताना एकावरच बोट ठेवायचे झाले, तर माझी पसंती कशाला आहे आणि का, ते येथे मांडतो.

कॅनानास्किसचा विषय आधी हातावेगळा करतो, कारण त्याची या दोघांशी खरी स्पर्धा नाही. कॅल्गरीहून बॅन्फकडे जाताना वाटेत चाळीस क्रमांकाच्या महामार्गावर दक्षिणेला वळले की माउंट लॉरेट आणि माउंट किड हे रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी आखलेले दोन कोर्स (गोल्फची मैदाने) लागतात. ते १९८३ मध्ये सुरू झाले, जून २०१३ च्या पुरात त्यांचा बहुतेक भाग उद्ध्वस्त झाला आणि २०१८ मध्ये ते पुन्हा खेळण्याजोगे झाले. मालकी प्रांतिक सरकारची असल्यामुळे फी रिसॉर्टच्या मानाने माफक आहे, आणि अल्बर्टाच्या रहिवाशांना आणखी सवलत मिळते. बंकरमधली पांढरीशुभ्र वाळू गर्द झाडीपुढे फार खुलून दिसते. येण्याच्या किंवा परतीच्या दिवशी वाटेवरचा राऊंड म्हणून हे ठिकाण मी डोळे मिटून सुचवेन.

खरा प्रश्न बॅन्फ आणि जॅस्पर यांचा आहे, आणि तो अवघड होतो कारण दोन्ही कोर्स एकाच माणसाने आखलेले आहेत. कॅनेडियन नॅशनल रेल्वेने जॅस्परचे काम स्टॅन्ली थॉम्पसन यांच्याकडे दिले. १९२४ मध्ये सुमारे दोनशे माणसे आणि घोड्यांच्या पन्नास जोड्या लावून रान आणि खडक साफ केले गेले, आणि १९२५ मध्ये तेथे खेळ सुरू झाला. ते पाहून प्रतिस्पर्धी कॅनेडियन पॅसिफिकनेही आपल्या बॅन्फच्या हॉटेलासाठी थॉम्पसन यांनाच बोलावले, आणि १९२८ मध्ये तोही कोर्स खुला झाला. (ट्रेंट जोन्स हे पुढे काही काळ थॉम्पसन यांचे भागीदार होते, त्यामुळे कॅनानास्किसमध्येही या घराण्याच्या खुणा सापडतात.)

त्यामुळे पुष्कळशा बाबतींत दोघांत डावे-उजवे करता येत नाही. उंचीमुळे हवा विरळ असते आणि चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो. बॅन्फ सुमारे १,३८० मीटरवर आहे, जॅस्पर १,०६० मीटरवर, म्हणजे हिशेबाने बॅन्फला फायदा थोडा अधिक मिळावा. पण सकाळच्या गारठ्यात तो बराचसा वाया जातो, आणि प्रत्यक्ष खेळताना मला तरी दोन्हींकडे क्लबच्या (चेंडू मारण्याच्या काठीच्या) निवडीत फरक करावा लागला नाही. त्याहून मोठा घोटाळा डोळ्यांचा होतो. मागे हजार-दीड हजार मीटर उंचीचा कडा उभा असला की ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटते. थॉम्पसन हे ओळखून होते. ते बंकर ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे ठेवतात आणि त्यांच्या कडा मागच्या डोंगररेषेशी मिळत्याजुळत्या वळवतात, म्हणजे मधली मोकळी जागा नजरेतून निसटते. दोन्ही कोर्सवर यार्डांच्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि नजरेला त्यात बोलू देऊ नये.

एल्क (मोठ्या जातीची हरणे) दोन्हींकडे भेटतात. मे-जूनमध्ये पिलांसोबतच्या माद्या आणि सप्टेंबरात माजावर आलेले नर यांच्यापासून किमान तीस मीटर अंतर ठेवावे, अस्वलापासून शंभर, असे राष्ट्रीय उद्यानाचे सांगणे आहे. चेंडू अशा प्राण्याजवळ थांबला आणि तेथून खेळणे धोक्याचे असले, तर गोल्फच्या नियम १६.२ प्रमाणे दंडाविना सुरक्षित जागी ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू तेथे टाकून खेळता येते. ग्रीनवर उमटलेले खुरांचे ठसेही बुजवता येतात. या दोन गोष्टी माहीत असल्या की मन निर्धास्त राहते.

बॅन्फची बाजू भक्कम आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. डेव्हिल्स कॉल्ड्रन हा तेथला चौथा, पार तीनचा (तीन फटक्यांत पुरा व्हावा असा) होल मी पाहिलेल्या सर्व पार तीनांमध्ये सर्वांत देखणा आहे. उंचावरची टी (पहिला फटका मारण्याची जागा), खाली हिमनदीने कोरलेले निश्चल तळे, पलीकडे बंकरांनी घेरलेले वाडग्याच्या आकाराचे ग्रीन आणि त्याच्यामागे माउंट रंडलची भिंत. चेंडू त्या भिंतीपुढे इतका वेळ तरंगताना दिसतो की तो पडेपर्यंत श्वास रोखला जातो. केवळ हा एक फटका मारण्यासाठी कोणी बॅन्फला गेले, तर त्याला मी नावे ठेवणार नाही.

पण माझे अडते ते नेमके येथेच. थॉम्पसन यांच्या मूळ आखणीत हा आठवा होल होता. राऊंड हॉटेलाच्या पायथ्याशी, स्प्रे नदीवरून टी शॉट मारून सुरू व्हायचा आणि तेथेच संपायचा. १९८९ मध्ये नऊ होलचा आणखी एक कोर्स आणि नवे क्लबहाऊस झाले, तेव्हा क्रम फिरवला गेला: मूळचा पाचवा होल पहिला झाला, आठवा चौथा झाला आणि नदीवरचा तो सलामीचा फटका पंधराव्यावर गेला. मी खेळलो तो याच क्रमाने. कागदावर यात काही बिघडल्यासारखे वाटत नाही, कारण होल तेच आहेत. प्रत्यक्षात मात्र अंगातला गारठा जाऊन स्विंगला लय सापडते न सापडते तोच कोर्सवरचा सर्वोच्च क्षण येऊन उभा राहतो. गवयाने आलाप रंगण्याआधीच द्रुत तानांना हात घालावा, तसे होते. शिवाय हा होल सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे प्रत्येक गट टीवर छायाचित्रांसाठी रेंगाळतो (आणि का रेंगाळू नये?), त्यामुळे तीन होलांत जमवलेली लय तेथे उभ्या उभ्या थिजते. पंधराव्यावर ती सुंदर सलामी येते, तेव्हा पाय थकलेले असतात. आणि शेवट हॉटेलाच्या भव्य पार्श्वभूमीकडे येत होण्याऐवजी तिच्यापासून दूर जात होतो. ही तक्रार कोणाला फारच बारीकसारीक वाटेल. ज्यांना होल सुटे सुटे आठवतात, त्यांना ती जाणवणारही नाही. मला राऊंड सलग आठवतो, म्हणून ती सलत राहिली.

जॅस्परमध्ये हे सलणे नाही. तेथे १९९४ च्या सुमारास थॉम्पसन यांच्या मूळ आराखड्यानुसार कोर्सची डागडुजी झाली आणि चढउताराची त्यांची योजना जशीच्या तशी अनुभवता येते. सुरुवातीचे होल प्रशस्त आहेत, ते खेळाडूला सावरू देतात. एकेक टी अशी लावलेली आहे की फेअरवेची (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या हिरवळीची) रेषा थेट एखाद्या शिखरावर जाऊन टेकते, त्यामुळे नेम कोठे धरावा हे डोंगरच सांगतो. नववा, क्लिओपात्रा, हा दोनशे तीस यार्डांच्या आसपासचा उताराचा पार तीन येतो, तोपर्यंत हात तयार झालेले असतात. समोर पिरॅमिड माउंटन असतो आणि ग्रीन खूप जवळ भासत असते. या होलच्या मूळ उंचवट्यांतून पहुडलेल्या स्त्रीची आकृती दिसायची आणि रेल्वेचे अध्यक्ष सर हेन्री थॉर्नटन यांनी नाराजी दर्शवल्यावर थॉम्पसन यांनी ती सौम्य केली, असे सांगतात.

तरी मला त्याहून प्रिय आहेत ते चौदा ते सोळा हे लाक बोव्हेर तळ्याच्या काठचे होल. चौदाव्याची टी पाण्याच्या आखातावरून मारायची असते आणि किती पाणी कापायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. तळ्याचा रंग काठाशी हिरवा काचेसारखा, आत निळा, आणि तळाचे दगडगोटे स्पष्ट दिसतात. पंधरावा, बॅड बेबी, अगदी छोटा पार तीन, पण ग्रीनच्या कडा इतक्या उतरत्या की नऊ नंबर आयर्नने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) मारलेला बरा फटकाही खाली घसरतो. राऊंडचा कळस जेथे असावा तेथेच तो आहे. एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंतचे अंतरही थोडे आहे, म्हणून कार्ट न घेता चालत खेळावे, असे आवर्जून सुचवतो.

जॅस्परच्या विरोधात सर्वांत वजनदार मुद्दा अंतराचा. बॅन्फ कॅल्गरीपासून १३० किलोमीटरच्या आत आहे; जॅस्पर बॅन्फहून पुढे आणखी सुमारे २९० किलोमीटर, आणि आइसफील्ड्स पार्कवेवर पेटो सरोवर आणि अथाबास्का हिमनदीपाशी थांबत गेले तर पूर्ण दिवस जातो. जुलै २०२४ च्या वणव्यात गावाचा जवळपास एक तृतीयांश भाग जळाला, आणि करपलेली झाडी आजूबाजूला दिसते, हेही मनाची तयारी करून जावे. एकूण मुक्काम चार रात्रींहून कमी असेल, तर जॅस्परचा हट्ट धरू नये. बॅन्फ आणि कॅनानास्किस मिळून उत्तम बेत होतो.

मात्र जॅस्परला दोन रात्री देता येत असतील, तर तेथील टी टाइम (खेळ सुरू करण्याची वेळ) आधी पक्का करावा आणि बाकीचा प्रवास त्याभोवती आखावा. वणव्यांचा धूर बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये त्रास देतो, म्हणून जूनचा उत्तरार्ध मला बरा वाटतो. त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असल्याने दुपारी चारनंतरच्या सवलतीच्या वेळेतही अठरा होल आरामात होतात. आणि बॅन्फचा राऊंड त्यातून वगळावा लागला, तर त्या पैशांत दुसऱ्या दिवशी जॅस्परलाच पुन्हा खेळावे, असे माझे मत आहे. क्लिओपात्राला कोणता क्लब घ्यायचा, हे तेव्हा नीट कळलेले असते.