समुद्रकाठच्या रिसॉर्ट वसाहतीतलं घर : आधी बिजागऱ्या बघा

समोर समुद्र, खाली तरणतलाव, मागे गोल्फचं मैदान. माहितीपत्रकात दिसतं ते बहुतेक वेळा खरंच असतं. संध्याकाळी गाडी न काढता थेट वाळूवर फिरायला जाता येणं हे मोठं सुख आहे, त्यात शंका नाही. पण पाच-सात वर्षांनी ते घर कसं राहील, हे खारा वारा आणि देखभाल ठरवतात. म्हणून घर बघायला गेलात की गॅलरीत उभं राहण्याआधी दाराच्या बिजागऱ्या, कठड्याचे जोड आणि नळांच्या खालची बाजू बघा.

लाटा फुटतात तिथून मिठाचे बारीक तुषार उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचं प्रमाण झपाट्यानं उतरतं. त्यामुळे पहिल्या रांगेपेक्षा झाडांच्या पट्ट्यामागची दुसरी रांग आम्ही केव्हाही सुचवू. समुद्र थोडा कमी दिसतो, घर जास्त टिकतं. कठडे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतील तर त्यांवर चहासारखे तपकिरी डाग लवकर येतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. तरीही गोड्या पाण्यानं धुणं चुकत नाही. छपराखालचे भाग तर आधी धुवावे लागतात, कारण पावसानं तिथलं मीठ निघून जात नाही.

खरा खर्च काँक्रीटचा. क्षार आत झिरपून सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. गॅलरीच्या स्लॅबची खालची बाजू आणि पार्किंगमधले खांब नीट पाहा. सळईच्या रेषेत गेलेली चीर, तपकिरी ओघळ, हातोडीनं हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज, ही लक्षणं. नुसता गिलावा लिंपून रंग दिला असेल तर दुखणं आतच राहिलं. सळईच्या मागपर्यंत क्षारयुक्त काँक्रीट काढून, सळई घासून साफ करून भरलं तरच दुरुस्ती टिकते. तेव्हाही शेजारच्या न उकरलेल्या भागात गंज सुरू होऊ शकतो, म्हणून तपासणी दर काही वर्षांनी करावीच लागते.

एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पात्या एकमेकांना चिकटून असतात. मधे खारट ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पात्यांचा भुगा होतो आणि थंडावा कमी पडतो. लेप दिलेली कॉइल घ्या, युनिट समुद्राच्या तोंडावर लावू नका आणि महिन्यातून एकदा कमी दाबाच्या गोड्या पाण्यानं धुवा. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर आतली आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवणारं यंत्र हवं आणि त्याचं पाणी थेट मोरीत सोडलेलं हवं. टाकी भरून यंत्र बंद पडलं की गाद्यांना आणि कपाटांच्या पाठीला बुरशी धरते.

पाणी कुठून येतं ते विचाराच. विहिरींवर चालणारी वसाहत जपून घ्यावी. समुद्राकाठी जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबानं गोड्याची पातळी १ मीटर उतरली की खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकतं. तलाव, हिरवळ आणि भरलेली घरं एकाच विहिरीवर असतील तर ती केव्हातरी मचूळ होणारच. गोल्फच्या मैदानावर पॅस्पॅलम गवत असेल आणि त्याला सांडपाणी शुद्ध करून दिलं जात असेल, तर व्यवस्थापन जाणतं आहे असं समजा. हे गवत खारटपणा सोसतं.

कागदांत दोन गोष्टी बघा : राखीव दुरुस्ती निधीचे गेल्या तीन वर्षांचे हिशेब आणि क्लबहाउस नेमकं कोणाच्या मालकीचं आहे ते. पुष्कळदा क्लब बिल्डरकडेच राहतो आणि त्याचं शुल्क तोच ठरवतो. मासिक देखभाल फार कमी दिसली तर खूश होऊ नका. लिफ्टचे दोर आणि पंप बदलायचे झाले की एकरकमी मागणी येते.

आम्हाला सगळ्यात जास्त भावतात त्या वसाहती वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरचा वेल-झुडपांचा पट्टा न छाटता सोडणाऱ्या. उधाणात लाट तिथली वाळू नेते आणि शांत दिवसांत परत आणून टाकते. त्या जागी उभी भिंत बांधली तर लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू उपसते आणि हळूहळू फिरायला किनाराच उरत नाही. कासवं अंडी घालत असतील तिथे किनाऱ्याकडचे दिवे झाकलेले, अंबर रंगाचे असावेत. पांढऱ्या उजेडानं पिल्लं समुद्राऐवजी इमारतींकडे वळतात. ही पाहणी रात्रीच होते, म्हणून एक फेरी अंधार पडल्यावर मारा.