सिझरनंतर पोट बांधावं की पोटाचे व्यायाम करावेत?

सिझर होऊन बाळंतीण घरी आली की आई नाहीतर सासूबाई सांगतात, "पोट घट्ट बांध, नाहीतर सुटेल." मोबाईलवर मात्र महिन्याभरात पोट सपाट करणारे व्यायाम दिसत असतात. माझ्या सिझरनंतर मीही या पेचात होते.

पट्ट्याचा उपयोग नक्की आहे, पण पहिल्या काही दिवसांपुरता. उठताना, खोकताना, चालताना टाक्यांना आधार मिळतो, भीती कमी होते आणि बाई लवकर हिंडूफिरू लागते. हे हिंडणं फार मोलाचं, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. मात्र गरोदरपणात पोटाच्या मधोमध जे स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात, त्यांना पट्टा ताकद देत नाही. तो करकचून बांधला तर श्वास वरच्यावर होतो आणि दाब खाली, आधीच ताणलेल्या ओटीपोटाच्या तळावर येतो. लुगड्याने बांधत असाल तरी हेच. दोन बोटं सहज आत जातील इतकं सैल ठेवा, झोपताना काढा.

व्यायामाची सुरुवात वाटते त्याहून कितीतरी सौम्य असते. गुडघे दुमडून पाठीवर झोपा. श्वास घेताना पोट फुगू द्या, सोडताना बेंबी हलकेच आत घ्या. डॉक्टरांनी हो म्हटलं की हे पहिल्या एक-दोन दिवसांतही जमतं. लघवीची नळी काढल्यावर लघवी रोखल्यासारखं आकुंचनही सुरू करता येतं. फक्त ते प्रत्यक्ष लघवी करताना करू नका. पुढे हळूहळू टाच सरकवणं, कंबर जमिनीला टेकवणं. स्नायूंमधली फट पूर्ण मिटेलच असं नाही, पण पोटाची पकड परत येते. ते काम पट्ट्याचं नाही.

म्हणून माझं मत व्यायामाच्या बाजूने. पट्टा फक्त सोबतीला. पण प्लँक, क्रंचेस अशा पोटावर जोर देणाऱ्या व्यायामांची घाई नको. पोटाच्या आतला जाड पडदा 6 आठवड्यांनी जेमतेम निम्मी ताकद कमावतो. म्हणजे वरची जखम सुकली तरी आतली सुकलेली नसते. तोवर बाळापेक्षा जड काही उचलू नका, अंथरुणातून कुशीवर वळूनच उठा. व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा आला, तर तो व्यायाम अजून तुमच्यासाठी नाही. जवळपास फिजिओथेरपिस्ट असेल तर एकदा दाखवून घ्या.

ताप आला, टाक्यांतून पू किंवा पाणी आलं, रक्तस्राव वाढला किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.